युनिक्समधील फाइलची मालकी आणि ‘चोन’ आज्ञा

युट्रेख्ट : भारतातून इकडे येताना आपल्यापैकी अनेकांनी एखादी हार्ड डिस्क सोबत आणलेली असते. आईवडिलांची छायाचित्रे, घराचे कागद, प्रबंधाची टिपणे, जुन्या पत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती असे पुष्कळ काही तीत साठवलेले असते. ती डिस्क येथील लिनक्स संगणकाला जोडली की कधी कधी स्वतःच्याच फायली उघडत नाहीत आणि पडद्यावर ‘पर्मिशन डिनाइड’ असा शेरा उमटतो. यावर सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे फाइलची मालकी बदलणारी एका ओळीची आज्ञा. बहुतेक वेळा तिने काम भागते. मात्र ती चुकीच्या जागी किंवा चुकीच्या क्रमाने दिली, तर कोणती फाइल मूळ कोणाची होती ही नोंद कायमची पुसली जाते. क्वचित सारा संगणकच निकामी होतो. म्हणून ही आज्ञा नेमके काय करते, ती देण्याचा अधिकार कोणाला असतो आणि ती देण्यापूर्वी कोणती काळजी घ्यावी, याचा परिचय येथे करून दिला आहे.

या आज्ञेचे नाव ‘चोन’. ‘चेंज ओनर’ या शब्दांचा हा संक्षेप असून ते सी-एच-ओ-डब्ल्यू-एन असे लिहिले जाते. या लेखातील सर्व आज्ञा उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. टंकताना त्या रोमन अक्षरांत व रोमन अंकांत लिहाव्यात. अन्यथा सांगितले नसेल तेथे अक्षरे छोट्या लिपीतील समजावीत.

मालकीची नोंद कोठे असते

युनिक्स प्रणालीत प्रत्येक फाइलमागे ‘आयनोड’ नावाची एक नोंद असते. फाइल किती मोठी आहे, ती शेवटची केव्हा बदलली, डिस्कवर तिचा मजकूर कोठे आहे, ती कोणाच्या मालकीची आहे आणि कोणत्या समूहाची आहे, हे सारे त्या नोंदीत असते. आपल्याकडील सातबारा उताऱ्याशी तिची तुलना करता येईल. जमीन जागेवरच राहते. बदलते ती कागदावरची नोंद. त्याचप्रमाणे ‘चोन’मुळे फाइलच्या मजकुरातले एक अक्षरही बदलत नाही, बदलतो तो आयनोडमधील मालकाचा रकाना. जमिनीच्या व्यवहारातील फेरफाराचे काम येथे ही आज्ञा करते.

एक फरक मात्र ध्यानात घ्यावा. सातबारा हा महसुली अभिलेख आहे. मालकीचा वाद न्यायालयात गेला तर तेथे खरेदीखत, वारसा, वाटणीपत्र असे अन्य पुरावेही पाहिले जातात. युनिक्समध्ये असे दुसरे कोणतेही खरेदीखत नाही. आयनोडमधील नोंद हीच मालकी. ती बदलली की आधीच्या मालकाचा मागमूसही प्रणालीत उरत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. मालकाच्या रकान्यात नाव नसते, केवळ एक क्रमांक असतो. तो क्रमांक कोणत्या नावाचा, हे ‘/ईटीसी/पासडब्ल्यूडी’ या फाइलमध्ये किंवा संस्थेच्या मध्यवर्ती निर्देशिकेत नोंदलेले असते. ‘एलएस -एल’ ही आज्ञा दिल्यावर फाइलसमोर जे नाव दिसते, ते त्या क्षणी या यादीतून शोधून दाखवलेले असते. प्रत्यक्ष क्रमांक पाहायचा असेल तर ‘एलएस -एन’ असे लिहावे. यादीत त्या क्रमांकाचे नाव नसेल तर ‘एलएस -एल’देखील नुसता क्रमांकच दाखवते.

क्रमांक त्या यंत्रापुरता

नेदरलँड्समध्ये वास्तव्यास आलेल्या प्रत्येकाला नगरपालिकेकडून नऊ अंकी नागरिक सेवा क्रमांक मिळतो. आडनावाचे स्पेलिंग एका कार्यालयात एक आणि दुसऱ्यात दुसरे झाले तरी क्रमांकावरून माणूस ओळखला जातो, कारण तो क्रमांक साऱ्या देशात एकच असतो. युनिक्समधील वापरकर्ता क्रमांक तसा नाही. त्याचे साम्य गावच्या गट क्रमांकाशी आहे. गट क्रमांक ११२ शेकडो गावांत असतो. गाव आणि तालुका सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

उबुंटू, डेबियन, फेडोरा या प्रचलित लिनक्स प्रणालींत संगणक बसवताना निर्माण झालेल्या पहिल्या वापरकर्त्याला १००० हा क्रमांक मिळतो. पुढच्यांना १००१, १००२ असे क्रमाने मिळत जातात. रेड हॅटच्या जुन्या आवृत्त्यांत ही सुरुवात ५०० पासून होत असे. मॅकमध्ये ती ५०१ पासून होते. प्रशासकीय ‘रूट’ खात्याचा क्रमांक सर्वत्र शून्य असतो.

आता पुण्यातील घरच्या संगणकाचा विचार करू. तो आईने प्रथम वापरायला घेतला, म्हणून आईचा क्रमांक १०००. मुलीचे खाते नंतर उघडले, म्हणून तिचा १००१. दोघींच्या फायली एकाच डिस्कवर साठवल्या आहेत. मुलगी ती डिस्क घेऊन युट्रेख्टला येते. येथे तिच्या लॅपटॉपवर तीच पहिली वापरकर्ती असल्याने तिचा क्रमांक १००० आहे. डिस्क जोडल्यावर चमत्कारिक दृश्य दिसते. आईचे खाजगी कागद मुलीच्या मालकीचे म्हणून बिनदिक्कत उघडतात आणि मुलीची स्वतःची टिपणे १००१ या बेवारस क्रमांकाची ठरून बंद राहतात. संगणकाच्या दृष्टीने यात काहीच चुकलेले नाही. डिस्कवर क्रमांक लिहिले होते, ते त्याने आपल्या यादीप्रमाणे वाचले.

आज्ञेची रचना

आज्ञेचे मूळ रूप असे आहे :

चोन आई पत्र.टीएक्सटी

याने ‘पत्र’ ही फाइल ‘आई’ या वापरकर्त्याच्या नावावर होते. मालक आणि समूह दोन्ही बदलायचे असतील तर मध्ये विसर्गासारखे अपूर्णविरामाचे चिन्ह द्यावे :

चोन आई:कुटुंब पत्र.टीएक्सटी

चिन्हाच्या आधी काहीच लिहिले नाही तर केवळ समूह बदलतो. तेच काम सी-एच-जी-आर-पी असे लिहिली जाणारी ‘चग्रुप’ ही आज्ञा करते. चिन्हानंतर काही लिहिले नाही, म्हणजे ‘आई:’ एवढेच दिले, तर समूहाच्या जागी त्या वापरकर्त्याचा प्रमुख समूह नोंदला जातो. नावाऐवजी क्रमांकही देता येतो. तो क्रमांक यादीत असलाच पाहिजे असे नाही.

एखाद्या फोल्डरसह त्याच्या आतील सर्व फोल्डर व फायली बदलायच्या असतील तर मोठ्या लिपीतील ‘आर’ हा पर्याय जोडतात :

चोन -आर आई:कुटुंब छायाचित्रे

कोणत्या फायलींची मालकी बदलली हे पाहण्यासाठी ‘-सी’ हा पर्याय आहे. तो केवळ बदललेल्या फायलींची नावे छापतो. ‘-व्ही’ बदललेल्या आणि न बदललेल्या सर्वच फायलींची यादी देतो. एका फाइलची मालकी दुसऱ्या फाइलप्रमाणे करायची असल्यास ‘--रेफरन्स’ हा पर्याय उपयोगी पडतो. फाइल म्हणजे दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारा निव्वळ दुवा असेल, तर साधी आज्ञा मूळ फाइलची मालकी बदलते. दुव्याचीच बदलायची असेल तर ‘-एच’ लिहावे लागते.

लिनक्समधील जीएनयू आवृत्तीत ‘--फ्रॉम’ नावाचा एक मोलाचा पर्याय आहे. फाइलचा सध्याचा मालक अमुक असेल तरच ती बदलावी, अशी अट त्याने घालता येते. मॅकवरील ‘चोन’ बर्कली परंपरेतील असल्याने काही पर्यायांत फरक पडतो. तेथील माहितीपुस्तिका ‘मॅन चोन’ असे लिहून आधी पाहावी.

‘चोन’ची गल्लत ‘चमॉड’ या आज्ञेशी पुष्कळदा होते. ‘चमॉड’ परवानगी बदलते : मालकाने, समूहाने आणि इतरांनी फाइल वाचावी की नाही, लिहावी की नाही, चालवावी की नाही. ‘चोन’ मालक कोण आणि समूह कोणता हे ठरवते. अडचण मालकीची असताना ‘चमॉड’ने सर्वांना सर्व परवानग्या देऊन टाकणे म्हणजे किल्ली सापडत नाही म्हणून दार काढून ठेवण्यासारखे आहे. शिवाय फाइल पुसण्याचा अधिकार फाइलच्या मालकीवर अवलंबून नसतो. तो ज्या फोल्डरात ती आहे, त्यात लिहिण्याची परवानगी असणाऱ्यास मिळतो. म्हणून फाइल आपल्या नावावर करून ती इतरांच्या हातून पुसली जाणार नाही, असे मानू नये.

मालकी बदलण्याचा अधिकार

‘चोन’ ही युनिक्समधील अत्यंत जुन्या आज्ञांपैकी एक आहे. केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत घडवलेल्या या प्रणालीची पहिली माहितीपुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ ची आहे आणि तीत ही आज्ञा आढळते. पुढे एटी अँड टीच्या सिस्टिम फाइव्ह शाखेने आपली फाइल दुसऱ्याच्या नावावर करण्याची मुभा मालकाला दिली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेने तो अधिकार केवळ रूटकडे ठेवला. पॉझिक्स मानकाने दोन्ही पद्धती ग्राह्य मानल्या. लिनक्स आणि मॅक यांनी बर्कलीचा मार्ग पत्करला.

स्वतःची वस्तू दुसऱ्याला देण्यास मनाई का असावी, असा प्रश्न साहजिक आहे. त्याला दोन कारणे आहेत. १९८३ मध्ये आलेल्या बर्कलीच्या ४.२ आवृत्तीत प्रत्येक वापरकर्त्याला डिस्कवरील जागेची मर्यादा घालण्याची सोय झाली. मालकी देता आली असती तर कोणीही आपल्या अवजड फायली शेजाऱ्याच्या नावावर करून स्वतःची मर्यादा मोकळी केली असती आणि भुर्दंड शेजाऱ्याला बसला असता. दुसरे कारण सुरक्षेचे. काही आज्ञावल्यांवर असे चिन्ह असते की त्या कोणीही चालवल्या तरी मालकाच्या अधिकाराने चालतात. ‘सेटयूआयडी’ नावाची ही कल्पना रिची यांची; तिचे अमेरिकी पेटंट त्यांना १९७९ मध्ये मिळाले. अशी आज्ञावली लिहून ती रूटच्या नावावर करता आली असती, तर कोणताही वापरकर्ता क्षणात सर्वाधिकारी झाला असता.

सातबाऱ्यावरही खातेदाराला स्वतः लेखणी घेऊन आपले नाव खोडता येत नाही. फेरफाराची नोंद गावकामगार अधिकाऱ्याने घ्यायची आणि ती मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करायची, अशी रीत महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये घालून दिलेली आहे. युनिक्समध्ये हे काम रूटचे. म्हणून घरच्या संगणकावर आज्ञेच्या आधी ‘सुडो’, म्हणजे एस-यू-डी-ओ, लिहावे लागते. समूहाच्या बाबतीत नियम किंचित सैल आहे : फाइलचा मालक स्वतः ज्या समूहांचा सदस्य आहे, त्यांपैकी कोणत्याही समूहाच्या नावावर ती करू शकतो. त्यासाठी रूट लागत नाही. सामाईक कामात हाच मार्ग अधिक उपयोगाचा ठरतो.

डिस्क एका देशातून दुसऱ्या देशात

वरील उदाहरणातील मुलगी ‘चोन -आर’ ही आज्ञा देऊन सारी डिस्क एकदम आपल्या नावावर करू शकते. फायली उघडतील, पण आईचे कागद कोणते आणि आपले कोणते, हा भेद पुसला जाईल. पुढे ती डिस्क पुन्हा पुण्यास गेली की तेथे १००० हा क्रमांक आईचा असल्याने सर्वच फायली आईच्या ठरतील आणि मुलीचे पुण्यातील खाते स्वतःच्याच टिपणांना मुकेल.

डिस्क यापुढे युट्रेख्टलाच राहणार असेल, तर ‘--फ्रॉम’ वापरून दोन पायऱ्यांत काम करावे. प्रथम येथील लॅपटॉपवर ‘आई’ नावाचे खाते २००० सारख्या मोकळ्या क्रमांकाने उघडावे. नंतर डिस्कवरील १००० च्या फायली २००० कडे द्याव्यात आणि त्यानंतरच १००१ च्या फायली १००० कडे :

सुडो चोन -आर --फ्रॉम=१००० २००० /मीडिया/डिस्क

सुडो चोन -आर --फ्रॉम=१००१ १००० /मीडिया/डिस्क

हा क्रम उलटा झाला तर पहिल्याच पायरीत मायलेकींच्या फायली एकत्र मिसळतील आणि दुसऱ्या पायरीत त्या सर्व आईच्या नावावर जातील. बदल करण्यापूर्वी कोणत्या फायलींवर परिणाम होणार हे ‘फाइंड /मीडिया/डिस्क -यूआयडी १००१’ असे विचारून पाहावे. ‘चोन’मध्ये केवळ तालीम करण्याचा पर्याय नाही, ती उणीव ‘फाइंड’ भरून काढते.

डिस्क दोन्ही घरांत ये-जा करणार असेल तर मालकी बदलत बसू नये. दोन्ही संगणकांवर प्रत्येक व्यक्तीला एकच क्रमांक द्यावा. नवे खाते उघडतानाच ‘यूजरॲड -यू १००१’ अशा रीतीने क्रमांक ठरवून देता येतो. आधीपासून असलेल्या खात्याचा क्रमांक ‘यूजरमॉड -यू’ने बदलतो, त्या वेळी घरच्या फोल्डरातील त्याच्या फायली आपोआप नव्या क्रमांकावर जातात, अन्यत्र असलेल्या मात्र हाताने बदलाव्या लागतात.

फायली ‘टार’ संग्रहात बांधून आणणे हा आणखी एक चांगला मार्ग आहे. मूळ संगणकावर बांधलेल्या संग्रहात क्रमांकासोबत नावही लिहिले जाते. नव्या संगणकावर रूटच्या अधिकाराने तो सोडला तर आधी नाव शोधले जाते आणि नाव न मिळाल्यास क्रमांक वापरला जातो. म्हणजे दोन्हीकडे ‘आई’ याच नावाचे खाते असेल तर क्रमांक वेगळे असूनही आईच्या फायली आईकडेच जातात. साध्या वापरकर्त्याने संग्रह सोडल्यास सर्व फायली त्याच्या नावावर होतात.

पेनड्राइव्हवर किंवा दुकानातून आणलेल्या बाह्य डिस्कवर बहुधा फॅट किंवा एक्सफॅट ही मांडणी असते. तीत मालकाचा रकानाच नसतो. तेथे ‘चोन’ दिले तर ‘ऑपरेशन नॉट पर्मिटेड’ असा नकार येतो आणि कितीही वेळा सुडो लिहिले तरी तो बदलत नाही. अशी डिस्क जोडताना सर्व फायलींचा मालक कोण मानावा, हे ‘यूआयडी=’ या पर्यायाने माउंट करतेवेळीच ठरते.

येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. मालकी हा त्या त्या संगणकाने पाळायचा नियम आहे. डिस्कवरचे कुलूप नव्हे. ज्याच्या हाती डिस्क आणि आपल्या संगणकाचे रूट खाते आहे, तो त्यातील प्रत्येक फाइल वाचू शकतो, मालक कोणीही असो. पासपोर्टच्या प्रती, मृत्युपत्र किंवा मिळकतीचे कागद असलेली डिस्क कुरिअरने पाठवायची असेल तर ती सांकेतिक लिपीत बंद करूनच पाठवावी.

‘-आर’ या पर्यायातील धोके

सर्वांत मोठे नुकसान होते ते ‘-आर’ चुकीच्या जागी वापरल्याने. एखाद्या फोल्डरचा मार्ग लिहिताना तिरप्या रेघेनंतर चुकून मोकळी जागा सुटली तर ‘/’ हा संपूर्ण प्रणालीचा मूळ फोल्डर समजला जातो आणि सर्व फायलींची मालकी बदलू लागते. पुसण्याची ‘आरएम’ ही आज्ञा मूळ फोल्डरावर चालण्यास लिनक्समध्ये आपणहून नकार देते. ‘चोन’ तसा नकार देत नाही. तिला तो द्यायला लावण्यासाठी ‘--प्रिझर्व्ह-रूट’ हा पर्याय स्वतः लिहावा लागतो. नित्य प्रशासनाचे काम करणाऱ्यांनी तो आपल्या शेलमध्ये उपनाम म्हणून कायमचा जोडून ठेवावा.

अशा अपघाताचा पहिला बळी सुडोच ठरते. सुडोची मालकी शून्य क्रमांकाकडे आणि तिच्यावर सेटयूआयडीचे चिन्ह, या दोन्ही गोष्टी तिला अनिवार्य असतात. मालक बदलला की लिनक्स ते चिन्हही काढून टाकते, कारण नव्या मालकाचे अधिकार नकळत कोणाला मिळू नयेत. परिणामी चूक सुधारण्यासाठी लागणारे साधनच बंद पडते. नुसती मालकी पूर्ववत केली तरी ते सुरू होत नाही. चिन्हही ‘चमॉड’ने पुन्हा लावावे लागते. दूरच्या सर्व्हरवर एसएसएच किल्लीने प्रवेश करणाऱ्यांना आणखी एक फटका बसतो. घरच्या फोल्डरचा किंवा त्यातील किल्ल्यांच्या फोल्डरचा मालक भलताच आढळला तर एसएसएच सेवा ती किल्ली ग्राह्य धरत नाही. बाहेर पडल्यावर पुन्हा आत जाण्याची वाट उरत नाही. म्हणून अशी चूक ध्यानात आली तर चालू असलेली खिडकी बंद करू नये. उरलेला एकमेव रस्ता तोच असू शकतो.

दुसरा सापळा बिंदूने सुरू होणाऱ्या दडलेल्या फायलींचा आहे. त्या सर्व बदलण्यासाठी काही जण बिंदू आणि तारका अशी खूण ‘-आर’सोबत लिहितात. दोन बिंदू म्हणजे वरचा फोल्डर, आणि तोही या खुणेत बसतो. त्यामुळे एका वापरकर्त्याच्या फायली बदलताना शेजारच्या सर्वांच्या बदलल्या जातात. २०२२ मध्ये आलेल्या बॅशच्या ५.२ आवृत्तीपासून ही खूण वरच्या फोल्डराला लागू होत नाही. जुन्या सर्व्हरवर मात्र तो धोका कायम आहे. खूण न वापरता फोल्डरचे नाव लिहिणे हा साधा उपाय होय, कारण ‘-आर’ दडलेल्या फायलीही आपणहून घेते.

आधी नोंद, मग बदल

‘चोन’ला उलट फिरवणारी आज्ञा नाही. म्हणून मोठा बदल करण्यापूर्वी विद्यमान मालकीची नोंद करून ठेवावी. त्यासाठी ‘गेटएफएसीएल’ ही आज्ञा उत्तम आहे :

सुडो गेटएफएसीएल -आर छायाचित्रे > पूर्वनोंद.टीएक्सटी

येथेही ‘आर’ मोठ्या लिपीतील आहे. या फाइलमध्ये प्रत्येक घटकाचा मालक, समूह आणि परवानग्या साध्या मजकुरात उतरतात. बिघाड झाल्यास त्याच फोल्डरात उभे राहून ‘सुडो सेटएफएसीएल --रिस्टोअर=पूर्वनोंद.टीएक्सटी’ असे दिले की मालकीसह सर्व पूर्ववत होते. ही नोंद त्याच डिस्कवर न ठेवता अन्यत्र ठेवावी. प्रणालीच्या स्वतःच्या फायली बिघडल्या असतील तर रेड हॅट व फेडोरावर ‘आरपीएम --सेटयूजीआयडीज’ ही आज्ञा मूळ मालकी परत लावू शकते, कारण प्रत्येक पॅकेजसोबत तिची नोंद आलेली असते. आपल्या वैयक्तिक फायलींची अशी नोंद कोणाकडेच नसते. ती आपणच करायची.

सामाईक यंत्रे आणि युट्रेख्ट

आपल्या वाचकांपैकी अनेक जण विद्यापीठांत, संशोधन संस्थांत किंवा कंपन्यांच्या सामाईक सर्व्हरवर काम करतात. डच शिक्षणसंस्था व संशोधन संस्थांची संगणकविषयक सहकारी संस्था ‘सर्फ’ हिचे मुख्यालय युट्रेख्टच्या मध्यवर्ती रेल्वे स्थानकानजीक आहे. तिच्यामार्फत चालवला जाणारा राष्ट्रीय महासंगणक ‘स्नेलियस’ ॲमस्टरडॅमला असून २०२१ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. स्नेलियस असो वा पुण्याच्या सी-डॅकच्या ‘परम’ मालिकेतील यंत्र असो, सामान्य वापरकर्त्याला तेथे रूटचे अधिकार नसतात. म्हणजे ‘चोन’ तेथे टंकता आले तरी चालत नाही.

अशा ठिकाणी सहकाऱ्याच्या हाती काम द्यायचे तर समूहाचा आधार घ्यावा. प्रकल्पाचा समूह प्रशासकाकडून तयार करून घ्यावा, फोल्डर ‘चग्रुप’ने त्या समूहाच्या नावावर करावे आणि ‘चमॉड जी+एस’ देऊन त्यावर समूहाचे चिन्ह लावावे. त्यानंतर त्या फोल्डरात कोणीही नवी फाइल निर्माण केली तरी तिचा समूह प्रकल्पाचाच राहतो. समूहातील इतरांना ती बदलता यावी यासाठी लिहिण्याची परवानगीही समूहाला मिळते ना, हे पाहावे. यामुळे एखादा सहकारी रजेवर गेला तरी काम अडत नाही.

युट्रेख्ट विद्यापीठाने संशोधनाच्या विदेसाठी विकसित केलेल्या ‘योडा’ या व्यवस्थेत याच प्रश्नाला वेगळे उत्तर दिले आहे. ती ‘आयरॉड्स’ या मुक्त आज्ञावलीवर उभी आहे. तीत अधिकारांची नोंद डिस्कवरील क्रमांकावर न सोपवता स्वतंत्र सूचीत ठेवली जाते. संशोधकाने सादर केलेली विदा व्यवस्थापकाच्या संमतीनंतर तिजोरीवजा विभागात जाते आणि तेथून पुढे तिची जबाबदारी व्यक्तीकडे न राहता संस्थेकडे राहते. पीएचडी संपवून संशोधक मायदेशी परतला तरी त्याची विदा पोरकी होऊ नये, हा त्यामागील हेतू.

कंपन्यांत काम करणाऱ्यांना हाच प्रश्न डॉकरच्या रूपाने भेटतो. कंटेनरमधील आज्ञावली बहुधा शून्य क्रमांकाने चालते. तिने आपल्या फोल्डरात लिहिलेल्या फायली बाहेर रूटच्या मालकीच्या दिसतात आणि आपल्याला सहसा बदलता येत नाहीत. दर वेळी ‘सुडो चोन’ करण्यापेक्षा ‘--यूजर’ या पर्यायाने कंटेनर आपल्या क्रमांकावर चालवावा. लिनक्सच्या ५.१२ आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, डिस्क जोडतानाच एका यंत्राचे क्रमांक दुसऱ्याच्या क्रमांकांशी जुळवण्याची सोय झाली आहे. तीत डिस्कवरील मूळ नोंदीस धक्का लागत नाही.

निघून गेलेल्यांच्या फायली

कर्मचारी नोकरी सोडतो, खाते बंद होते, पण त्याच्या फायली उरतात. खाते काढून टाकणारी ‘यूजरडेल’ ही आज्ञा ‘-आर’ या छोट्या लिपीतील पर्यायासह घरचे फोल्डर पुसते. सामाईक फोल्डरांत विखुरलेल्या फायली तशाच राहतात, केवळ क्रमांकाच्या नावावर. नवे खाते उघडताना लिनक्स सामान्यतः विद्यमान क्रमांकांतील सर्वांत मोठ्याच्या पुढचा क्रमांक देते. म्हणून शेवटी उघडलेले खाते काढून टाकले आणि लगेच नवे उघडले, तर नवागताला तोच क्रमांक मिळतो. त्याबरोबर आधीच्या व्यक्तीच्या सर्व फायलींची मालकीही मिळते, कोणीही ‘चोन’ न देता. त्या फायलींत पगारपत्रके किंवा रुग्णांची माहिती असेल तर युरोपीय संघाच्या विदा संरक्षण नियमांनुसार तो माहितीभंग ठरू शकतो. २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या या नियमांप्रमाणे संबंधितांना धोका संभवत असल्यास असा भंग ७२ तासांच्या आत पर्यवेक्षक प्राधिकरणास कळवावा लागतो.

यावर उपाय दोन. खाते काढून न टाकता कुलूपबंद करावे, म्हणजे क्रमांक अडून राहतो. आणि काढून टाकायचेच असेल तर त्याआधी ‘फाइंड’ने त्या क्रमांकाच्या सर्व फायली शोधून त्या उत्तराधिकाऱ्याच्या नावावर कराव्यात. यादीत नाव नसलेल्या बेवारस फायली ‘सुडो फाइंड / -एक्सडेव्ह -नोयूजर’ अशा आज्ञेने सापडतात. वर्षातून एकदा ही तपासणी करणे कोणत्याही सर्व्हरच्या हिताचे आहे.

घरच्या संगणकालाही हे लागू आहे. वडिलांच्या पश्चात त्यांचा संगणक कोणी वापरायला घेतो, त्यांचे खाते काढून टाकतो आणि त्याच क्रमांकावर नवे उघडतो. त्यात काही बिघडत नाही. परंतु वडिलांच्या फायली कोणत्या आणि नव्या वापरकर्त्याच्या कोणत्या, हे त्यानंतर संगणक सांगू शकत नाही. खाते काढण्यापूर्वी गेटएफएसीएलने केलेली एक नोंद आणि टारने बांधलेला एक संग्रह, एवढे दहा मिनिटांचे काम तो भेद कायमचा जपून ठेवते.